चार वर्षे नेमकं काय शिकवतात?

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. तिला 'बीएएसएलपी' करायचं आहे. बोबड्या मुलांकडून शब्द घोटवून घ्यायला चार वर्षांची पदवी कशाला, असं घरचे विचारतात. पुढे काम मिळेल का?
– एक पालक, नाशिक

उत्तर : 'बीएएसएलपी' म्हणजे श्रवण आणि वाचा-भाषा यांच्या दोषांची तपासणी व उपचार शिकवणारी पदवी. घरच्यांना वाटतं त्यापेक्षा हे क्षेत्र बरंच मोठं आहे. शरीररचना, ध्वनीचं भौतिकशास्त्र, भाषाशास्त्र आणि मानसशास्त्र यांचा इथे एकत्र अभ्यास होतो. झोपलेल्या तान्ह्या बाळाच्या कानात बारीक प्रोब ठेवून आवाज सोडला, की निरोगी अंतर्कर्णातून क्षीण प्रतिध्वनी परत येतो. तो नोंदवून श्रवणाची प्राथमिक चाचणी होते. पक्षाघातानंतर वाचा गेलेले किंवा घास गिळताना ठसकणारे रुग्णही याच तज्ज्ञांकडे येतात. चारपैकी शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं असतं.

मुंबईत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आणि म्हैसूरची अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था या नामांकित सरकारी संस्था आहेत. प्रवेशाचे निकष त्यांच्या चालू वर्षाच्या माहितीपुस्तिकेतच पाहा. खासगी कॉलेजची फी भरण्याआधी अभ्यासक्रमाला भारतीय पुनर्वास परिषदेची मान्यता आहे ना, याची खात्री करा. व्यवसायासाठी नोंदणी लागते आणि मान्यता नसेल तर ती अडते.

रुग्णालयं, विशेष शाळा, श्रवणयंत्र केंद्रं, स्वतःचं क्लिनिक अशा कामाच्या जागा आहेत. मात्र ही एमबीबीएस नव्हे. औषधं किंवा शस्त्रक्रिया यात येत नाहीत. सुधारणा सावकाश होते, त्यामुळे चिकाटी हवी. प्रवेशाआधी मुलीला एखाद्या केंद्रात, परवानगी घेऊन, दिवसभर काम बघू द्या. आवड टिकली तर निर्धास्तपणे पाठवा.