'मॅडम, ब्रेक पॅड संपलेत'

प्रश्न : माझी पेट्रोल गाडी सात वर्षांची आहे. सर्व्हिसिंगला टाकली की दुपारी साडेबाराच्या सुमारास हमखास फोन येतो. 'मॅडम, पुढचे ब्रेक पॅड संपलेत, इंजिन फ्लशिंग करून घ्या, इंजेक्टर क्लीनिंग ड्यू आहे, एसीला वास येतोय.' पाच हजारांचं बिल बघता बघता पंधरा हजारांवर जातं. नाही म्हणावं तर कसारा घाटात ब्रेक लागला नाही तर काय, ही धास्ती. हो म्हणावं तर फसल्यासारखं वाटतं. बाबांचा एक मिस्त्री होता. तो म्हणेल ते ब्रह्मवाक्य. तसा माणूस आता शोधायचा कसा? आणि हे लोक खरंच खोटं बोलतात की मीच संशयी आहे?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : संशयी असाल, पण एकट्या नाही. १९४१ साली 'रीडर्स डायजेस्ट' या अमेरिकी मासिकानं एक खोडसाळ प्रयोग केला होता. धडधाकट गाडी घ्यायची, इंजिनाच्या कॉइलची एक वायर मुद्दाम काढून ठेवायची आणि गॅरेजमध्ये शिरून म्हणायचं, बघा हो, काय झालंय. वायर परत खोचायला अर्धं मिनिटही लागत नाही. अशा ३४७ गॅरेजांपैकी २१८ ठिकाणी नको ती कामं निघाली किंवा भलतेच पैसे लावले गेले. उरलेल्या १२९ जणांनी वायर खोचून दिली, हेही विसरू नये.

या धंद्यातच असं का होतं, याचं उत्तर मायकेल डार्बी आणि एडी कार्नी या अर्थशास्त्रज्ञांनी १९७३ मध्ये दिलं. साडी घेण्याआधी हातात धरून बघता येते. हापूसची पेटी उघडून, आंबा कापून खाल्ला की कळतं. पण काही गोष्टी वापरल्यावरही कळत नाहीत. पॅड बदलले, ब्रेक छान लागले. पण जुनेही लागतच होते की! गरज होती का, हे पैसे मोजल्यावरसुद्धा गुलदस्त्यातच राहतं. डॉक्टर आणि मिस्त्री एकाच पंक्तीत बसतात ते यामुळे: रोग सांगणारा आणि औषध विकणारा माणूस एकच.

त्यात विक्रीचं टार्गेट आलं की माणूस मुळात प्रामाणिक असला तरी घसरतो. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियातल्या वाहनदुरुस्तीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी ब्युरोनं सिअर्स या बड्या कंपनीच्या वर्कशॉपांत गुपचूप गाड्या पाठवून केलेली तपासणी उघड केली. ३८ खेपांपैकी ३४ खेपांना अनावश्यक काम सुचवलं गेलं. तिथल्या सल्लागारांना विक्रीवर कमिशन होतं आणि अमुक इतके शॉक अब्सॉर्बर, अमुक इतकी ब्रेकची कामं असे आकडे ठरवून दिलेले होते. प्रकरण अंगाशी आल्यावर कंपनीनं कमिशन बंद केलं. तुम्हाला साडेबाराला फोन करणारा इस्त्रीच्या शर्टातला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर गाडीखाली शिरलेला नसतो, हे लक्षात ठेवा. गाडीखाली शिरलेला मुलगा वेगळा असतो आणि त्याच्याशी तुमची गाठ सहसा पडू दिली जात नाही.

तरीही प्रत्येक चुकीचा सल्ला म्हणजे लबाडी नव्हे. माझ्याच गाडीच्या पुढच्या डाव्या चाकातून एका पावसाळ्यात खर्र खर्र आवाज येऊ लागला. एका गॅरेजनं लोअर आर्म सांगितला, मग बेअरिंग, आणि एवढ्यावर थांबलं नाही तर स्टिअरिंग रॅक. एस्टिमेटचा कागद बघून मी गाडी तशीच घरी आणली. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्यानं चाक उतरवलं आणि डिस्क व तिच्यामागच्या पत्र्याच्या मध्ये अडकलेला हरभऱ्याएवढा खडा स्क्रू ड्रायव्हरनं उडवला. वीस रुपयेही घेईना. पहिल्या गॅरेजवाल्याला मी आजही चोर म्हणणार नाही. त्याला आवाजाचं कारण कळलं नव्हतं आणि 'कळलं नाही' म्हणायची त्याची तयारी नव्हती. 'हे बदलून बघू' या वाक्यात लबाडीपेक्षा अडाणीपणा जास्त असतो. बिल मात्र दोन्हीचं सारखंच येतं.

आता तुमच्या यादीकडे. ब्रेक पॅडची गोष्ट मिलिमीटरमध्ये मोजता येते, म्हणून तिच्यापासून सुरुवात. नव्या पॅडचा घासणारा थर साधारण दहा-बारा मिलिमीटर असतो. तीनच्या आसपास आला की बदलावा. तेव्हा 'संपलेत' ऐकलं की एकच विचारायचं: 'किती मिलिमीटर उरलेत? फोटो पाठवा.' पॅड खरंच संपले असतील तर फोटो पाच मिनिटांत येतो. सहा-सात उरले असतील तर आवाज लगेच मऊ होतो: 'तसे अजून चालतील, मॅडम, पण पुढच्या सर्व्हिसिंगला...' बऱ्याच पॅडना पत्र्याची एक जीभ असते. थर झिजला की ती डिस्कला घासून कर्कश ओरडते. गाडी स्वतःच सांगते, फक्त कान द्यायला हवा.

फ्लशिंग आणि इंजेक्टर क्लीनिंगचा निवाडा तुमच्या गाडीतच आहे, ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तिकेत. कोरी करकरीत पडून असेल. तिच्यात किती किलोमीटरला किंवा किती महिन्यांनी काय करायचं, याचा तक्ता असतो. जे तक्त्यात नाही आणि ज्याचं कुठलंही लक्षण गाडी दाखवत नाही, ते 'ड्यू' असूच शकत नाही. ऑइल वेळच्या वेळी बदललेल्या इंजिनाला फ्लशिंग म्हणजे रोज अंघोळ करणाऱ्याला अभ्यंगस्नानाचं पॅकेज. एसीच्या वासाचं कारण अनेकदा केबिन फिल्टर. पुष्कळ गाड्यांत तो त्याच ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो, आणि दहा मिनिटांत घरी बदलता येतो. काढून बघा, आत निम्मं झाड निघेल.

पण नाही म्हणण्याची नशाही वाईट. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं म्हणजे बदलायचं. कूलंट आणि बेल्ट असलेल्या इंजिनात टायमिंग बेल्ट तक्त्याप्रमाणे. टायरच्या खाचांत मध्ये मध्ये उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला म्हणजे खाच १.६ मिलिमीटर उरली, टायर संपला. इथे काटकसर केली तर ती घाटातच महागात पडते.

तुम्ही बाई आहात म्हणून जास्त सांगतात का, असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. अमेरिकेत मेघन बूस आणि सहकाऱ्यांनी गॅरेजांना फोन करवून एकाच मॉडेलच्या गाडीचा रेडिएटर बदलायचा खर्च विचारला. 'काहीच कल्पना नाही' असं म्हणणाऱ्या बायकांना पुरुषांपेक्षा जास्त आकडा सांगितला गेला. 'मी इतका ऐकलाय' म्हणून एखादा आकडा पुढे ठेवल्यावर तो फरक नाहीसा झाला. आणि 'कमी करा की' म्हटल्यावर गॅरेजवाले पुरुषांपेक्षा बायकांचं जास्त वेळा ऐकत होते. पार्टचा भाव आधी बघून ठेवायला दोन मिनिटं लागतात. मिलिमीटरचा प्रश्नही तेच काम करतो.

बाबांच्या मिस्त्रीबद्दल. आपण समजतो की नेहमीचं गिऱ्हाईक झालं की माणूस सांभाळून घेतो. हेन्री श्नायडर या अर्थशास्त्रज्ञानं हे तपासून पाहिलं. गाडीत बॅटरीचं टर्मिनल सैल करण्यासारखे बारीक दोष आधीच करून ठेवले. काही गॅरेजांत सांगितलं, मी इथेच राहतो. काहींत सांगितलं, मी गाव सोडून चाललोय. सल्ल्याच्या दर्जात लक्षणीय फरक पडला नाही. नको ती कामं निघाली, आणि हवी ती नजरेतून सुटली. बाबांचा मिस्त्री चांगला होता तो बाबा दरवर्षी जात होते म्हणून नव्हे. तो बहुधा त्याच आळीत राहत होता, गणपतीच्या आरतीला शेजारी उभा असायचा आणि त्याला मुळातच काम येत होतं.

असा माणूस गाडी बंद पडल्यावर शोधू नका. अडलेल्या गिऱ्हाईकाला निवड नसते. स्टेशनबाहेर टुरिस्ट गाड्या घेऊन उभ्या असणाऱ्या चालकांना विचारा. त्यांची गाडी एक दिवस उभी राहिली की चूल अडते, म्हणून ते फसवणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जात नाहीत. मग एखादं किरकोळ काम घेऊन जा आणि सोबत म्हणा, 'गाडी नीट बघून सांगा. बघायचे पैसे वेगळे घ्या.' माझ्या मते सगळी मेख इथे आहे. आपण तपासणी फुकट मागतो आणि मग मिस्त्रीनं ते पैसे पार्टमधून काढले की बोंब मारतो. नाना पेठेत स्वतः जाऊन पार्ट आणणारे पुणेकर हुशार खरेच, पण लेबरलाही घासाघीस केली तर त्या मिस्त्रीनं जगायचं कशावर? बघायचे पैसे घेऊन जो म्हणेल, 'हे वर्षभर चालेल, ते मात्र आत्ता करा', त्याचा नंबर जपून ठेवा. गाडीखाली तुम्हाला बोलावून, चाक हलवून दाखवणारा असेल तर आणखी उत्तम.

कायद्याचं थोडक्यात. बाहेर काम केलं की वॉरंटी गेली, ही भीती सरसकट खरी नाही; सुट्या भागांचा बाजार अडवल्याबद्दल स्पर्धा आयोगानं २०१४ मध्ये चौदा वाहन कंपन्यांना दोषी धरलं होतं. दंडाचं प्रकरण पुढे अपिलात गेलं. तुमची गाडी सात वर्षांची, त्यामुळे हा प्रश्न बहुधा उरलेलाच नाही. पक्कं बिल मागा. ते न देणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५.

पुढच्या वेळी गाडी देतानाच जॉब कार्डवर लिहून घ्या: 'विचारल्याशिवाय जादा काम नाही, बदललेले जुने पार्ट डिकीत ठेवावेत.' आणि साडेबाराला फोन आला की सांगा, 'गाडी लिफ्टवरच असू द्या, मी येते.' दरम्यान बाबांना त्या मिस्त्रीचं नाव विचारा. त्याच्या हाताखाली पाने उचलून देणारा एखादा पोऱ्या असणारच. त्याचं आता सातपूर नाहीतर अंबडच्या बाजूला स्वतःचं गॅरेज असेल.