झाडाचा सर्जन : त्याची अवजारं, त्याचं काम आणि त्याचा जीव



कालिदासाची एक दंतकथा तुम्ही नक्की ऐकली असेल. तो ज्या फांदीवर बसला होता, तीच फांदी तो तोडत होता. आपण ही गोष्ट ऐकून हसतो. पण मे महिन्याच्या शेवटी आपल्या इंझोरीत किंवा मानोरा तालुक्यातल्या कोणत्याही गावात नजर वर करून चाला. पाऊस लागायच्या आधी टिनांवर झुकलेल्या कडुनिंबाच्या, चिंचेच्या फांद्या छाटायचं काम चालू असतं. अनवाणी पाय, कमरेला खोचलेला कोयता, एका हाताने झाड धरलेलं आणि दुसऱ्या हाताने घाव. हा माणूस कथेतल्यासारखा भोळा नसतो. कोणती फांदी कुठे मोडेल हे त्याला चांगलं कळतं. त्याच्याकडे नसतो तो फक्त दोर.

आजच्या पाठात आपण अशाच एका व्यवसायाची ओळख करून घेणार आहोत. इंग्रजीत त्याला 'ट्री सर्जन' म्हणतात. आपण त्याला झाडाचा सर्जन म्हणू.

सर्जन कशाला म्हणायचं?

लाकूडतोड्या झाड पाडतो, त्याला लाकूड हवं असतं. सर्जनला झाड जगवायचं असतं. वाळलेली, किडलेली, घरावर किंवा तारेवर आलेली फांदी तो काढतो आणि बाकीचं झाड शाबूत ठेवतो. झाडावर उपचार ही कल्पना आपल्याकडे जुनीच आहे. सुरपालाचा 'वृक्षायुर्वेद' हा संस्कृत ग्रंथ झाडांचे रोग आणि त्यांवरचे उपाय यांवरच लिहिलेला आहे. आधुनिक काळात अमेरिकेतल्या जॉन डेव्ही यांनी 1901 साली 'द ट्री डॉक्टर' हे पुस्तक लिहिलं आणि या कामाला व्यवसायाचं रूप दिलं.

गंमत पाहा. आज झाडं कापणाऱ्या चेनसॉचं एक पूर्वरूप दवाखान्यात जन्मलं! साधारण 1830 च्या सुमारास बर्नहार्ड हाइने या जर्मन वैद्याने हाड कापण्यासाठी साखळीची करवत बनवली होती. झाडांसाठीची यंत्रं पुढे विसाव्या शतकात आली. आंद्रेआस श्टील यांनी 1926 मध्ये विजेवर चालणारी चेनसॉ तयार केली, पण ती इतकी जड होती की उचलायला दोन माणसं लागत.

अवजारांची पेटी

1. कुऱ्हाड, कोयता आणि हातकरवत. कुऱ्हाडीने लाकूड तुटतं, पण जखम खडबडीत होते आणि साल फाटते. म्हणून जिवंत फांदीसाठी करवतच बरी. सर्जनची हातकरवत वाकड्या पात्याची असते आणि ओढताना कापते. उंचावर ढकलण्यापेक्षा ओढणं सोपं जातं.

2. चेनसॉ. हिची साखळी सेकंदाला साधारण 20 मीटर वेगाने फिरते. सगळ्यात मोठा धोका म्हणजे उलटा झटका. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की यंत्र डोळ्याचं पातं लवायच्या आत तोंडाकडे उसळतं. म्हणून तिला साखळी थांबवणारा ब्रेक असतो आणि ती नेहमी दोन्ही हातांनी धरायची असते. शिडीवर उभं राहून चेनसॉ चालवायची नाही, हा नियम पाठच करा.

3. दोर, हार्नेस आणि गाठ. हार्नेस म्हणजे कमरेला आणि मांड्यांना घट्ट बसणारा पट्टा. त्यातून दोर वरच्या मजबूत फांदीवरून जातो. इथे कामाला येते प्रुसिक गाठ. कार्ल प्रुसिक या ऑस्ट्रियन गिर्यारोहकाने ती 1931 मध्ये लोकांसमोर आणली. मुख्य दोराला बारीक दोराचे तीन वेढे द्यायचे. भार नसताना गाठ सरकते, भार पडला की घर्षणामुळे आवळते. म्हणजे पाय घसरला तर गाठच माणसाला धरते.

4. अंगावरचं संरक्षण. हेल्मेट, डोळ्यांवर जाळी, कानांवर आवाज अडवणारे कप, हातमोजे, बूट. चेनसॉसाठी खास पँट मिळते. तिच्या आतले लांब धागे साखळीत अडकून तिला थांबवतात.

आणि हो, कुऱ्हाडीचा दांडा बहुतेक वेळा बाभळीचा असतो. 'कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ' ही म्हण कुठून आली, ते आता लक्षात आलं ना?

थोडं गणित

समजा, टिनावर आलेली फांदी 20 सेंटिमीटर जाड आणि 4 मीटर लांब आहे. ती नळकांड्यासारखी धरली तर तिचं घनफळ 3.14 × 0.1 × 0.1 × 4 म्हणजे सुमारे 0.125 घनमीटर. ओल्या लाकडाचं वजन घनमीटरला साधारण 800 ते 1000 किलो धरा. म्हणजे ही एक फांदी 100 ते 125 किलोची! सिमेंटची दोन पोती एकदम. ती 6 मीटरवरून सुटली तर जमिनीला टेकताना तिचा वेग ताशी जवळजवळ 39 किलोमीटर असतो. खाली उभ्या माणसाला पळायला एक सेकंदाच्या आसपास वेळ मिळतो. म्हणून सर्जन मोठी फांदी तोडून टाकत नाही. दोर बांधून, तुकड्या-तुकड्याने उतरवतो. आणि खालचा साथीदार वरून हाक येईपर्यंत झाडाखाली जात नाही.

तीन घावांची रीत

फांदी एकाच घावात वरून कापली तर काय होतं? अर्धी कापली जाताच ती स्वतःच्या वजनाने मोडते आणि बुंध्याची साल लांबपर्यंत सोलून नेते. ते टाळायची रीत अशी :

- पहिला घाव खालून, बुंध्यापासून साधारण एक फूट अंतरावर. जाडीच्या पाव ते एक तृतीयांश भागापर्यंतच.
- दुसरा घाव वरून, पहिल्याच्या किंचित पुढे. फांदी सुटून पडते, साल फाटत नाही.
- तिसरा घाव उरलेल्या खुंटाला. फांदी जिथे बुंध्याला मिळते तिथे एक फुगीर कडं दिसतं. कापायचं ते त्या कड्याच्या बाहेर. कडं कापायचं नाही आणि लांब खुंटही ठेवायचा नाही.

कडं का जपायचं? अमेरिकेच्या वनविभागातले संशोधक अ‍ॅलेक्स शिगो यांनी हजारो झाडं चिरून पाहिली. माणसाची जखम भरते, झाडाची भरत नाही. झाड जखमेभोवती भिंती उभ्या करतं, सड आतच कोंडून ठेवतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. हे काम त्या कड्यापासूनच सुरू होतं. पूर्वी पोकळ बुंध्यात सिमेंट भरत, जखमेवर डांबर किंवा रंग फासत. त्याने सड थांबत नाही, हे आता कळलं आहे. सावलीच्या झाडासाठी नीट घेतलेला घाव हेच सगळ्यात चांगलं औषध.

आपल्याकडे पुष्कळदा झाडाचं पार मुंडन करतात. 'लवकर फुटेल' म्हणतात. फुटतं खरं, पण त्या नव्या फांद्या वरच्यावर चिकटलेल्या असतात आणि काही वर्षांनी वादळात त्याच आधी मोडतात. म्हणजे आज टाळलेला धोका उद्या मोठा होऊन परत येतो.

कामाचा दिवस

सर्जन आल्या-आल्या चढत नाही. आधी झाडाभोवती फेरी मारतो. बुडाशी अळंबी आहे का, म्हणजे मुळं सडली आहेत का? खोडाला भेग आहे का? वर आग्या मोहोळ आहे का? पक्ष्याचं घरटं आहे का? असेल तर पिल्लं उडेपर्यंत काम पुढे ढकलता येतं. शेवटी तार पाहतो. ओली फांदी वीज वाहून नेते, ॲल्युमिनियमची शिडीही नेते. तारेजवळ काम असेल तर महावितरणला कळवायचं आणि लाइन बंद झाल्याची खात्री झाल्याशिवाय झाडाला हात लावायचा नाही. ऊन चाळिशीच्या वर जातं, म्हणून काम पहाटे सुरू करून दुपारी थांबवलेलं बरं. थकलेला हात चुकतो.

कायदाही माहीत असू द्या. शहरांसाठी 1975 चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. 2021 च्या दुरुस्तीने त्यात 50 वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडांना खास दर्जा मिळाला. गावाकडे 1964 चा वृक्षतोड नियमन कायदा पाहावा लागतो. आंबा, चिंच, मोह, साग, जांभूळ अशी झाडं त्याच्या यादीत आहेत. ती पाडण्यापूर्वी परवानगी लागते, झाड आपल्या वावरातलं असलं तरी.

आणि तो माणूस?

आता पुन्हा त्या अनवाणी माणसाकडे या. आपण त्याला विचारतो, 'किती घेशील?' तो आकडा सांगतो, आपण कमी करतो. त्या घासाघिशीत दोराचा, हेल्मेटचा, खाली उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या माणसाचा पैसा आधी कापला जातो. तो पडला तर घरच्यांच्या हातात काय उरतं? प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला 20 रुपये आहे आणि अपघाती मृत्यू झाल्यास 2 लाख रुपये मिळतात. वय 18 ते 70 आणि बँकेत किंवा पोस्टात खातं एवढंच लागतं. तुमच्या ओळखीत झाडावर चढणारे कुणी काका, मामा असतील तर त्यांना आज हे सांगा. फॉर्म भरायला सोबत जा. तुम्हाला लिहिता-वाचता येतं, त्याचा हा खरा उपयोग.

झाड जपायचं असेल तर झाडावर चढणाराही जपला पाहिजे. फांदी पुन्हा फुटते, माणूस पुन्हा फुटत नाही.

स्वाध्याय

1. लाकूडतोड्या आणि झाडाचा सर्जन यांतला फरक तीन वाक्यांत लिहा.
2. 30 सेंटिमीटर जाड, 3 मीटर लांब ओल्या फांदीचं अंदाजे वजन काढा.
3. फांदीच्या बुडाचं कडं का कापू नये?
4. उपक्रम : शाळेच्या किंवा घराच्या आवारातलं एक झाड जमिनीवरूनच तपासा (चढायचं नाही!). वाळलेल्या फांद्या, भेगा, अळंबी, तारा, घरटी यांची नोंद वहीत करा आणि वर्गात वाचून दाखवा.