क्रोशाची अक्षरे : हुनर आणि हिशेब

कपड्यावर स्वतःचे नाव असावे ही हौस जुनीच आहे. कॉम्प्युटर एम्ब्रॉयडरीने ती स्वस्त केली. मात्र खऱ्या क्रोशाचा टाका यंत्राला आजही जमलेला नाही. यंत्र त्याची फक्त नक्कल करते. म्हणून उल्हासनगरच्या जीन्स बाजाराला लागून असलेल्या अंबरनाथच्या बुवापाड्यासारख्या वस्तीत क्रोशाची अक्षरे हा घरबसल्या करण्याजोगा जोडधंदा ठरू शकतो. ज्या घरात क्रोशाची टोपी विणता येते, तेथे निम्मे शिक्षण झालेलेच आहे.

अक्षर दोन प्रकारे होते. पहिला प्रकार जाळीचा. चौकटीच्या वहीत अक्षर ७ घरे उंच व ५ घरे रुंद असे काढावे. रिकाम्या घरासाठी दोन साखळ्या व एक खांब, भरलेल्या घरासाठी तीन खांब. हे इंग्रजी अक्षरांना उत्तम. दुसरा प्रकार दोरीचा. साखळी घालून तिच्यावर मुक्या खांबांची ओळ विणावी व ती दोरी कापडावर आखलेल्या अक्षरावरून वळवीत टाचावी. गोलाई यात चांगली येते.

मराठी नाव करताना आधी शिरोरेषेची एक सलग पट्टी विणून अक्षरे तिलाच खाली जोडावीत. सारे नाव एकसंध राहते व ओळ वाकडी होत नाही. उर्दू नावाला दोरीचाच प्रकार घ्यावा व उजवीकडून सुरुवात करावी. नुक्ते वेगळे विणून प्रत्येक नुक्ता कापडाला पक्का शिवावा. बे, ते आणि से यांत फरक फक्त नुक्त्यांचा आहे. एक नुक्ता गळाला की गिऱ्हाइकाचे नावच बदलते.

माल देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात. दोरा ओल्या पांढऱ्या फडक्यावर घासून रंग सुटतो का ते तपासावे. सुती दोरा पाण्यात आटतो, म्हणून अक्षर धुऊन, टाचण्यांनी ताणून, वाळवून मगच कपड्याला लावावे. जीन्सवर अक्षर वॉशिंग झाल्यानंतरच लावावे. स्टोनवॉशचा दगड विणकाम टिकू देत नाही. तान्ह्या बाळाच्या कपड्यावर जाळी नको, तिच्यात बोट अडकते. तेथे भरीव अक्षर लावावे.

आता मुद्द्याची गोष्ट, मजुरीची. आंध्रातील नरसापूर येथे १९व्या शतकात मिशनऱ्यांनी क्रोशाची लेस शिकवली. माल परदेशी गेला, व्यापारी मोठे झाले. परंतु मारिया मीस या अभ्यासक बाईंनी १९८२ च्या आपल्या पुस्तकात दाखवून दिले की विणणाऱ्या स्त्रियांना ‘घरी बसून फावल्या वेळात करतात’ असे म्हणून अगदी तुटपुंजा मोबदला मिळत होता. २०२४ मध्ये त्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. नाव झाले, पण नावाने चूल पेटत नाही.

आपण हिशेब आधी करावा. समजा, एका अक्षराला ४० मिनिटे लागतात व तासाचा मोबदला ६० रुपये धरला, तर अक्षराची मजुरी ४० रुपये. पाच अक्षरांचे नाव २०० रुपयांवर गेले. दोरा, धुलाई, शिलाई, वाया गेलेला माल व नफा त्यावर वेगळा. ही किंमत साध्या शर्टावर निघणार नाही. मग मजुरी कापू नये, अक्षरे कमी करावीत. खिशावर नावाचे पहिले एकच अक्षर द्यावे. पूर्ण नाव अकीक्याच्या भेटीचा झबला, लग्नाची ओढणी अशा ऑर्डरीवरच, निम्मी रक्कम आगाऊ घेऊन आणि स्पेलिंग गिऱ्हाइकाच्या हातून कागदावर लिहून घेऊन करावे.

व्यापारी बंधूंनी नमुन्याचे एक अक्षर आपल्यासमोर विणवून घ्यावे, घड्याळ लावावे आणि त्यावरून दर ठरवावा. ज्या मालात कारागिराचा वेळ मोजला जातो त्याच मालाला दुसरी ऑर्डर वेळेवर मिळते.