१२. चंपावतची वाघीण

(जिम कॉर्बेट यांचा जन्म १८७५ साली नैनिताल येथे झाला. कुमाऊँच्या डोंगरांतील अनेक नरभक्षक वाघ-बिबळ्यांपासून त्यांनी लोकांची सुटका केली. त्यांच्या पहिल्या नरभक्षक वाघाच्या शिकारीची हकिगत या पाठात दिली आहे.)

१९०७ सालची गोष्ट. कुमाऊँच्या डोंगरी गावांत एका वाघिणीने हाहाकार उडवला होता. नेपाळात सुमारे २०० माणसे मारल्यावर तिला तिथून हुसकावले गेले. मग ती कुमाऊँत आली. चार वर्षांत तिने तिथे आणखी २३४ बळी घेतले, असे कॉर्बेट यांनी लिहून ठेवले आहे. सरकारने बक्षीस लावले, शिकारी पाठवले. पण वाघीण कोणाच्याच हाती लागेना.

शेवटी नैनितालच्या डेप्युटी कमिशनरांनी कॉर्बेट यांना विनंती केली. कॉर्बेट यांनी लहानपणापासून जंगल पाहिले होते. बंदूकही त्यांच्या हातात बसली होती. पण नरभक्षकाच्या मागावर ते कधी गेले नव्हते. या कामात ते अगदी नवखे होते. तरीही ते तयार झाले. मात्र त्यांनी दोन अटी घातल्या. बक्षीस रद्द करावे आणि इतर शिकाऱ्यांना परत बोलवावे. पैशासाठी शिकार करणारा म्हणून त्यांना ओळखले जायचे नव्हते. शिवाय दुसऱ्याची गोळी चुकून आपल्याला लागेल, हीही भीती होतीच.

डोंगर चढत-उतरत ते पाली नावाच्या गावी पोचले. पाच दिवसांपूर्वी तिथल्या एका बाईला वाघिणीने मारले होते. तेव्हापासून गावातली पन्नासेक माणसे दारे लावून घरात बसली होती. कोणी पाण्यालासुद्धा बाहेर पडत नव्हते.

वाघीण रात्री गावाजवळच्या रस्त्याने फिरते, असे लोकांनी सांगितले. कॉर्बेट एका झाडाला पाठ टेकून रस्त्याकडेला बसले. चांदणी रात्र होती. प्रत्येक सावली वाघिणीसारखी दिसू लागली. थंडीने आणि भीतीने त्यांचे दात वाजू लागले. उठून परत जावे, तर तेवढीही हिंमत होईना! सकाळी त्यांची माणसे आली, तेव्हा ते गुडघ्यांवर डोके ठेवून झोपलेले आढळले. हा प्रसंग पुढे त्यांनी स्वतःच लिहिला. आपण घाबरलो होतो, हे सांगायला ते लाजले नाहीत.

पालीहून ते चंपावतला गेले. तिथे वाघिणीने एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलीला उचलून नेले होते. कॉर्बेट माग काढत एकटेच दरीत उतरले. पण अंधार पडू लागल्याने त्यांना परतावे लागले. दुसऱ्या दिवशी तहसीलदारांनी २९८ माणसे जमवली. कोणी ढोल आणला, कोणी जुनी बंदूक. सगळे डोंगराच्या धारेवर उभे राहिले आणि एकदम ओरडू लागले. त्या गोंगाटाने वाघीण बाहेर पडली. कॉर्बेट यांच्याजवळ तीनच काडतुसे होती. पहिली गोळी चुकली, पुढच्या दोन लागल्या. तरी वाघीण उभीच! ते धावत तहसीलदारांकडे गेले, त्यांची बंदूक घेतली आणि जवळ जाऊन चौथी गोळी झाडली. वाघीण कोसळली.

मग त्यांनी वाघिणीचे तोंड उघडून पाहिले. उजव्या बाजूचे वरचे आणि खालचे दोन्ही सुळे मोडलेले होते. कोणा शिकाऱ्याच्या जुन्या गोळीने ते मोडले होते. त्यामुळे तिला जंगलातले जनावर मारता येत नव्हते. म्हणून ती माणसांकडे वळली होती. म्हणजे हा अनर्थ माणसाच्याच हातून सुरू झाला होता.

परतताना ते वाटेतल्या एका गावी थांबले. तिथे एक बाई राहत होती. वर्षभरापूर्वी वाघिणीने तिच्या थोरल्या बहिणीला उचलले, तेव्हा ती हातात विळा घेऊन वाघिणीच्या मागे धावली होती. वाघीण तिच्यावर उलटली आणि त्या धक्क्याने तिची वाचा गेली. कॉर्बेट यांनी तिच्यापुढे वाघिणीचे कातडे पसरले. ते पाहताच ती ओरडत सुटली, "या, या, बघायला या!" तिची वाचा परत आली होती.

पुढे कॉर्बेट यांनी बंदुकीपेक्षा कॅमेरा अधिक हाताळला. वाघ वाचला पाहिजे, असे ते सांगू लागले. १९३६ साली स्थापन झालेल्या भारतातील पहिल्या राष्ट्रीय उद्यानाला पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. १९७३ साली व्याघ्र प्रकल्पाची सुरुवातही तिथूनच झाली.

शब्दार्थ
नरभक्षक – माणसांना खाणारा
हाहाकार उडवणे – फार मोठी घबराट पसरवणे
नवखा – अनुभव नसलेला
माग – पावलांच्या खुणा
सुळा – टोकदार दात
अनर्थ – मोठे संकट
वाचा जाणे – बोलता न येणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) कॉर्बेट यांनी कोणत्या दोन अटी घातल्या?
(आ) पालीचे लोक घराबाहेर का पडत नव्हते?
२. वाघीण नरभक्षक का बनली? तीन-चार वाक्यांत लिहा.
३. 'घाबरूनही जो काम सोडत नाही, तो शूर.' पाठातील प्रसंग देऊन स्पष्ट करा.
४. शिकार, बंदूक, तहसीलदार, हिंमत हे शब्द उर्दूतही आहेत. पाठातून असे आणखी तीन शब्द शोधा व वाक्यांत वापरा.