लोखंडी मांडण्या आणि भूसंपर्क

एखाद्या मोठ्या भुसारी दुकानात अथवा कोठारात माल रचण्यासाठी लोखंडी मांडण्यांच्या रांगा उभ्या असतात. दुकानदार त्यांस ‘रॅक’ म्हणतात. मांडणी काही विजेवर चालत नाही. मग तिला भूसंपर्काची, म्हणजे व्यवहारातील ‘अर्थिंग’ची, आवश्यकता काय?

मांडणीवर दिवा बसविला, की तिच्या धारदार कडेवरून तार जाते. घर्षणाने वेष्टन फाटते आणि तारेचा तांब्याचा गाभा लोखंडास टेकतो. दिवा पूर्ववत् जळत राहतो, परंतु सबंध मांडणीवर २३० व्होल्टचा दाब येतो. ओल्या देहाचा रोध सुमारे १००० ओहम धरला, तर स्पर्श करणाऱ्याच्या शरीरातून ०.२३ अँपिअर प्रवाह वाहील. हृदयाची गती विस्कळीत होण्यास याच्या निम्माही पुरतो. १६ अँपिअरच्या फ्यूजला मात्र त्याची दादही लागत नाही!

वीज भूमीत मुरून नाहीशी होते, असा एक समज आहे. तो आम्हांस मान्य नाही. प्रवाहास परत रोहित्राकडेच जावयाचे असते. मांडणीजवळ नुसती सळई रोवली आणि त्या वाटेचा रोध २० ओहम असला, तर २३० भागिले २०, म्हणजे ११.५ अँपिअर प्रवाह वाहील; फ्यूज शाबूत आणि मांडणी तशीच जिवंत! आपल्याकडील जांभ्याची भूमी उन्हाळ्यात सुकली म्हणजे हा रोध अधिकच वाढतो. म्हणून मांडणी जाड तारेने इमारतीच्या मुख्य भूसंपर्क-पट्टीस जोडावी लागते. इमारतीचे स्वतःचे रोहित्र असून ही पट्टी त्याच्या तटस्थ टोकाशी धातूनेच जोडलेली असली, तर वाटेचा रोध एखाद्या ओहमहूनही कमी राहतो. मग शेकडो अँपिअर वाहून फ्यूज क्षणात वितळतो. जेथे असे रोहित्र नाही, तेथे आर.सी.सी.बी. नावाची कळ हवीच. ती जाणारा व परतणारा प्रवाह ताडून पाहते आणि ०.०३ अँपिअरची तफावत दिसताच मंडल तोडते.

दुसरी गोष्ट परस्पर-जोडणीची. समोरासमोरच्या दोन मांडण्यांपैकी एकीवर दाब आला नि नोकराचे दोन्ही हात दोहोंवर असले, तर प्रवाह थेट छातीतून जाईल. दोन्ही मांडण्या तारेने जोडलेल्या असल्यास त्यांच्या दाबात फारसा फरक उरत नाही, आणि फरक नाही तेथे प्रवाह नाही. तारेवर बसलेला पक्षी सुरक्षित राहतो, तो याच न्यायाने.

विजेच्या उपकरणांपासून दूर, कोरड्या लाकडी तक्तपोशीवर उभ्या असलेल्या मांडणीस केवळ ती लोखंडी आहे म्हणून तार जोडण्याचे कारण आम्हांस दिसत नाही. जेथे जोडणी करावयाची, तेथे मात्र रंग खरवडून स्वच्छ धातूवरच ती आवळावी, कारण रंग हा रोधक आहे. समुद्राच्या खाऱ्या हवेत त्या जागी गंजही लवकर चढतो. यास्तव पावसाळा सरल्यावर प्रत्येक सांधा जाणत्या वायरमनकडून तपासून घ्यावा.