पट्टीवर वाढलेलं ऑइल

एसयूव्ही विकताना टॉर्क सांगतात, सनरूफ उघडून दाखवतात. गाडी रोज कुठे आणि किती चालणार, हे मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर सोपं होतं: कोथरूडहून डेक्कन, मध्ये सगळे सिग्नल, आणि इंजिन धड तापायच्या आत पार्किंग. डिझेल गाडीला यापेक्षा वाईट दिनक्रम नाही.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 लागू झालं. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर डीपीएफ असतो, म्हणजे धुरातली काजळी अडवणारी गाळणी. ती भरत आली की इंजिन थोडं जादा डिझेल सोडतं, गाळणी सहाशेएक अंशांपर्यंत तापते आणि काजळी जळून जाते. याला रीजनरेशन म्हणतात. त्यासाठी गाडी सलग काही वेळ बऱ्या वेगात पळायला हवी. शहरात नेमकं तेच होत नाही. काम अर्ध्यावर असतानाच आपण चावी फिरवतो.

हे चालू असल्याची वर्दी बहुतेक गाड्या डॅशबोर्डवर देत नाहीत, पण खुणा असतात. उभ्या गाडीचा आरपीएम जरा चढलेला, मायलेजचा आकडा अचानक पडलेला, बॉनेटपाशी उग्र वास, आणि गाडी बंद केली तरी पंखा घोंघावतोय. हे दिसलं की घर आलं असलं तरी थांबू नका, मोकळ्या रस्त्यावर एक फेरी मारा.

माझ्या गाडीचा पिवळा दिवा लागला आणि पाठोपाठ पिकअप मेला. चढावर गाडी ओढेना. सर्व्हिस सेंटरने संगणक लावला आणि नवीन डीपीएफचं एस्टिमेट हातात ठेवलं, लाखाच्या पुढचं. काजळी किती टक्के भरलीय, राख किती, याचे आकडे मागितले तर ॲडव्हायझर म्हणाले, "सर, सिस्टीम रिप्लेसच दाखवते." अशा वेळी सही करू नये. काजळी जाळता येते, राख जळत नाही. लाखभराचा खर्च करायचा की नाही, ते या दोन आकड्यांवर ठरतं. स्कॅनरमध्ये ते दिसतात. दाखवत नसतील तर दुसरीकडे जावं.

मी एका बाहेरच्या गॅरेजमध्ये गेलो. तिथल्या मिस्त्रींनी स्कॅनरला हात लावण्याआधी ऑइलची पट्टी ओढली, पुसली, पुन्हा बुडवून काढली. ऑइल वरच्या खुणेच्याही वर होतं, पाण्यासारखं पातळ. नाकाशी धरलं तर स्वच्छ डिझेलचा वास.

"साहेब, ऑइल कमी झालं की सगळे घाबरतात. वाढलं की कुणी बघत नाही."

अर्धवट राहिलेल्या प्रत्येक रीजनरेशनमधलं थोडं डिझेल पिस्टनच्या कडेने खाली झिरपतं आणि ऑइलमध्ये मिसळतं. अशा ऑइलवर टर्बोची बेअरिंगं जायला वेळ लागत नाही. त्यांनी आधी सगळं ऑइल काढून नवीन भरलं, मगच स्कॅनरवरून सक्तीचं रीजनरेशन केलं. गाळणी वाचली. सर्व्हिस बुकात ऑइलसाठी किलोमीटर आणि महिने छापलेले असतात. गाडी सिग्नलवर किती उभी राहिली, ते त्यात कुठेच नसतं. शहरात चालणाऱ्या गाडीचं ऑइल पट्टी बघून, छापील मुदतीच्या आधीच बदला. ऑइल कमी राखेचंच हवं, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या ग्रेडचं, मग ते सी2 असो वा सी3. ओळखीच्या दुकानातलं स्वस्त डिझेल ऑइल इंजिनाला चालेलही, पण त्याची राख गाळणीत कायमची बसते.

आता अधूनमधून सकाळी लवकर शिरवळपर्यंत जाऊन येतो, पाचवा गिअर आणि दोन हजारांच्या वर आरपीएम ठेवून. खेड-शिवापूरचा टोल भरताना जीवावर येतं, आणि शिरवळला एवढं काय काम असतं, हे घरच्यांना अजून पटवता आलेलं नाही. ज्यांना हे जमणार नाही त्यांनी सरळ पेट्रोल घ्यावी.

गॅरेजच्या बाकावर आणखी एक सल्ला फुकट मिळतो: "काढूनच टाका ना तो डीपीएफ, सॉफ्टवेअर मारून देतो." हे बेकायदा आहे, वॉरंटी जाते आणि काळा धूर मागच्या दुचाकीवाल्याच्या तोंडावर. शिवाय अशा गाड्या पुढे सेकंडहँड बाजारातच येतात. म्हणून जुनी बीएस-6 डिझेल बघायला गेलात तर इंजिन गार असताना सायलेन्सरच्या तोंडात आतून बोट फिरवा. गाळणी धड असेल तर बोट जवळजवळ कोरडं, स्वच्छ निघतं. काजळीने काळं झालं, तर किमतीची बोलणी सुरू करण्याआधी ते बोट मालकाला दाखवा.