जाताना पाच तास, येताना साडेतेरा?

प्रश्न : जुलैमध्ये मुलीकडे लंडनला जायचे आहे. तिकिटावर मुंबईहून दुपारी १ ला निघून संध्याकाळी ६ ला पोहोचतो असे आहे. परतताना मात्र रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा! छपाईची चूक आहे का?

उत्तर : चूक नाही. तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या-त्या शहराच्या घड्याळाची असते. उन्हाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असते (हिवाळ्यात साडेपाच). म्हणजे जाताना ५ अधिक साडेचार, साडेनऊ तास. येताना साडेतेरा वजा साडेचार, नऊ तास.

उरलेला अर्धा तास वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. लंडनला जाताना ते समोरून अडवतात, येताना पाठीमागून ढकलतात. हिवाळ्यात त्यांचा जोर वाढतो आणि फरकही.

दोन्ही शहरांतले सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर. ताशी ९०० च्या वेगाने आठ तास व्हायला हवेत, असा हिशेब कुणीही मांडेल. पण विमान सरळ रेषेत जात नाही. बंद हवाई हद्दी टाळून वळसा घेते. शिवाय तिकिटावरचा वेळ विमान जागचे हलल्यापासून पुन्हा जागी उभे राहीपर्यंतचा. हीथ्रोवर उतरण्यापूर्वी आकाशात घिरट्या घालाव्या लागणे तर नेहमीचेच.

औषधांच्या वेळा मात्र भारतीय घड्याळाने आधीच लिहून ठेवा.